पडद्यावरचं तेल

भांडण झालं ते एका लोखंडी टेबलावरून. बांधावरून, नळावरून, शेजारच्या कोंबडीवरून भांडणारी माणसं नगरात शोधावी लागत नाहीत. पण दोन शहाणेसुरते गडी टेबलापायी एकमेकांच्या अंगावर जातात, हे रेबेकानं त्या दिवशीच ऐकलं. ती नवऱ्याचा डबा घेऊन वर्कशॉपच्या दाराशी आली आणि आतला आवाज ऐकून तिथंच थबकली. डबा गरम होता, आतलं त्याहून गरम चाललं होतं.

तिचे यजमान, पीटर भिंगारदिवे, एमआयडीसीजवळच्या एका खासगी संस्थेत हायड्रॉलिक शिकवायचे. हायड्रॉलिक म्हणजे तेलाला दाबून त्याच्याकडून जड काम करून घ्यायची विद्या. जेसीबीचा हात उचलतो तो तेलानं, उसाची ट्रॉली उलटी होते तीही तेलानं. लग्नानंतर मास्तरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा रेबेका म्हणाली होती, "कळलं. चकलीचा सोऱ्या." मास्तरांना राग आला. मग पुढं कितीतरी वर्षं त्यांनी वर्गात तोच दाखला दिला आणि तो कुणाचा हे कधी सांगितलं नाही. नवरे असेच असायचे.

तर संस्थेत शिकवायला खरं मशीन होतं. जाड टेबल, खाली तेलाची टाकी, तिच्यावर पंप, मग रबरी पाइप, दाब दाखवणारं घड्याळासारखं गेज, आणि टोकाला आतबाहेर होणारा सिलिंडरचा दांडा. हे सगळं सांभाळायचा हनुमंत. पारनेर तालुक्यातला, राळेगणच्या अलीकडच्या वाडीचा. मशिनीला तो म्हशीसारखं जपायचा. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावायचा, झेंडूची माळ घालायचा आणि त्या दिवशी मास्तरांनासुद्धा हात लावू द्यायचा नाही. मास्तर ख्रिस्ती, पण पेढा खायला सगळ्यात पुढं.

त्याच आठवड्यात एक पाइप फुटला होता आणि तापलेलं तेल एका पोराच्या छातीवर उडालं होतं. मास्तरांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. घरी आले तेव्हा शर्टाला तेलाचा वास होता आणि भाजलेल्या कातडीचाही.

"हनुमंतराव, हे मशीन आजपासून बंद," मास्तर आत म्हणत होते. "साहेबांशी बोललोय मी. कॉम्प्युटर येतायत. पोरगं चुकलं तर पडद्यावर चुकेल. कुणाला फोड येणार नाहीत."

"पडद्यावरचं तेल गळतंय का?"

"नाही गळत. तेच तर सांगतोय."

"मंग शिकिवनार काय, कपाळ? मास्तर, गळल्याबिगर तेल कळत न्हाई. कान लावला तर पंप बोलतोय. हवा शिरली की येगळा बोलतोय, तेल घटलं की येगळा."

"मला पोरं शिकवायचीत. पंपाशी गप्पा मारायच्या नाहीत."

"मंग भाकरी बी चुलीवर भाजू नका. फोटू बघून खावा!"

रेबेकाला दाराबाहेर हसू आलं. तिनं पदर तोंडाशी धरला.

"न्या हे घरी!" मास्तर ओरडले. "भंगारात घालण्यापेक्षा तुम्हीच न्या. मला त्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

"न्हेतो. मागायला येऊ नका म्हंजी झालं."

दोघंही खरं बोलत होते. एक खोटा असला तर भांडण मिटतं, दोघं खरे असले की ते लोणच्यासारखं मुरतं. साहेबांना तर जागा मोकळी व्हायला हवीच होती. हनुमंतानं टेम्पो आणला, मशीन वाडीला नेलं, आणि पुढं वर्षभरात नोकरीही सोडली.

कॉम्प्युटर आले. त्यांत एक प्रोग्राम होता. पडद्यावर टाकी काढायची, पंप काढायचा, रेघांनी जोडायचं, आणि बटण दाबलं की तेल पळायला लागायचं. दाबाचं तेल लाल, परत फिरणारं निळं. पडद्यावरचा दांडा सर्रकन बाहेर येई. आवाज नाही, वास नाही, फरशीवर थेंब नाही. मास्तर या प्रोग्रामवर असे भाळले की रेबेकानं सवत मानायचं तेवढं बाकी ठेवलं. पाठ्यपुस्तकातली चित्रं सोडून ते स्वतःचे धडे रचायचे आणि त्यांना नावं द्यायचे: उसाची ट्रॉली, कचऱ्याचा डंपर, दवाखान्यातली वरखाली होणारी खाट. पोरं मुद्दाम चुकीचं जोडायची आणि पंप लाल होऊन थांबला की हसायची. मास्तर त्यांच्यापेक्षा जास्त हसायचे. कुणालाच काही होत नव्हतं ना.

एक सवय मात्र जुन्या मशिनीची राहिली. तास संपला की खिशातून चिंधी काढून हात पुसायचे. कॉम्प्युटरवर कसलं आलंय तेल? पण पुसायचे.

आणि एक किल्ली होती. बोटाच्या पेराएवढी, निळी. ती कॉम्प्युटरच्या मागं खोचली की तिच्यात बारका दिवा लागायचा आणि मगच प्रोग्राम उघडायचा. एकदा एका पोरानं ती पेनड्राइव्ह समजून मामाच्या लग्नाची गाणी भरायला घरी नेली. गाणी काही भरेनात म्हणून परत आणून दिली. तेव्हापासून मास्तर किल्ली कुणाच्या भरवशावर ठेवत नसत. संध्याकाळी शर्टाच्या खिशातून घरी आणायची, सावेडीतल्या घराच्या चाव्यांच्या खिळ्याला अडकवायची, सकाळी परत न्यायची. मुलीनं, आराधनानं, पुण्याहून जुना लॅपटॉप पाठवला होता. त्यावरही तीच किल्ली लावून मास्तर घरी बसल्या बसल्या धडे रचायचे.

असं सगळं गुण्यागोविंदानं चाललं असताना शरीरातली साखर डोळ्यांत उतरली.

हे रेबेकाला कळलं ते एसटीच्या पाटीवरून. मास्तरांना पाट्या वाचायची खोड. रस्त्यानं जाताना दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायचे, वर शेराही मारायचे. 'गरमागरम वडा' वाचून म्हणायचे, "सकाळचा दिसतोय." राहुरीला बहिणीकडं जाऊन दोघं स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत होती. गाडी आली. पाटीवर नगर खोडून नवंकोरं अहिल्यानगर रंगवलेलं. रेबेकानं ती पाटी पहिल्यांदाच पाहिली. आता मास्तर काहीतरी बोलणार म्हणून ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मास्तर गप्प.

"काय लिहिलंय हो गाडीवर?" तिनं विचारलं.

"नगर," मास्तर म्हणाले. "दुसरं काय असणार?"

ती त्यांचा हात धरून चढली. त्यांना वाटलं बायकोला आधार हवाय.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बारीक नळ्या असतात, त्या गळायला लागल्यात. एक डोळा गेल्यात जमा. दुसऱ्यात इंजेक्शन देऊ, लेझर करू, पण गेलेलं परत येणार नाही.

"म्हणजे ऑइल सील गेलं," मास्तर म्हणाले.

डॉक्टर हसले. रेबेका हसली नाही.

मास्तरांची तीन वर्षं नोकरी उरली होती. घर चाललं असतं कसंही, आराधना होती. पण शिकवणं सुटलं तर माणूस खुर्चीत बसून वाळून जाईल, हे रेबेकाला दिसत होतं. तिला अजून सगळं दिसत होतं, हीच पंचाईत.

"कुणाला सांगू नकोस," मास्तर म्हणाले.

"मग शिकवणार कसं?"

"पाठ करून."

रविवारी चर्चमध्ये उपासनेआधी लहान मुलांची शब्बाथशाळा भरते. तिथं रेबेका मुलांकडून वचनं पाठ करून घ्यायची. एक ओळ तिनं म्हणायची, एक मुलांनी, मग दोन्ही मिळून. स्तोत्रंच्या स्तोत्रं पोरांच्या तोंडी बसवली होती तिनं. तीच रीत तिनं नवऱ्याला लावली. चहा झाला की लॅपटॉप उघडायचा, किल्ली खोचायची आणि रेबेकानं दिसेल ते सांगायचं. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण रेघेला कुठं भाषा असते?

"खालून लाल निघाली. डावीकडं एक फाटा फुटलाय. त्याच्यावर स्प्रिंगसारखं आहे."

"तो रिलीफ व्हॉल्व्ह. दाब वाढला की जास्तीचं तेल टाकीत परत. पुढं?"

"पुढं एक चौकट. तिच्यात तीन खोल्या."

"उजवीकडच्या खोलीत?"

"बाण सरळ. डावीकडच्यात एकमेकांना ओलांडून गेलेत. मधल्या खोलीत काहीच नाही, नुसती बंद दारं."

"मधली खोली आली की तेल ना पुढं जातं ना मागं. भार असेल तिथं लटकून राहतो. उतरत नाही की चढत नाही."

"आपल्यासारखा," रेबेका म्हणाली.

"म्हण परत. खालून लाल निघाली..."

असं करत मास्तरांनी सगळे धडे पाठ केले. कुठली कळ किती वेळा दाबली की कुठला धडा उघडतो, हे बोटांना पाठ. दांडा बाहेर यायला किती वेळ लागतो, तेवढ्यात कुठलं वाक्य बोलून होतं, तेही पाठ. रेबेका रोज त्यांच्याबरोबर रिक्षानं संस्थेत जायची आणि लॅबबाहेरच्या बाकावर मेथी निवडत बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "घरी करमत नाही बाई." शिपाईसुद्धा म्हणाला, काय प्रेम आहे या वयात!

मास्तर भिंतीवरच्या पडद्याकडं छडी करायचे आणि म्हणायचे, "बघा, आता लाल इकडून वळली." आणि ती खरंच तिकडून वळलेली असायची. रेबेकाचा हात मेथीत थांबायचा आणि वळली की परत चालू व्हायचा.

एक दिवाळी अशी निघाली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत संस्थेचे थोरले साहेब बसले घरी आणि त्यांचा मुलगा रविराज कारभार बघू लागला. पोरगं वाईट नव्हतं. त्यानं लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर आणले. जुन्यातला एकच कोपऱ्यात ठेवला, कापड घालून, भंगारवाला येईपर्यंत. जुना प्रोग्राम नव्या मशिनींवर घालून दिलाय, असं त्यानं मास्तरांना फोनवर सांगितलं. तो त्यांवर उघडतो का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी किल्ली खोचली, बोटांनी कळा दाबल्या आणि उसाची ट्रॉली शिकवायला सुरुवात केली. रेबेकानं खिडकीतून पडद्याकडं पाहिलं. पडदा पांढरा होता. मधोमध एक राखी चौकोन, त्यात दोन ओळी इंग्रजी. लाल नाही, निळी नाही. टाकी नाही, पंप नाही.

"खालून लाल निघाली," मास्तर म्हणाले. "डावीकडं बघा, रिलीफ व्हॉल्व्ह."

पोरं आधी पडद्याकडं बघत होती. मग एकमेकांकडं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग सगळी मास्तरांकडं बघायला लागली.

रेबेकाला वाटलं उठावं, आत जावं, कानात सांगावं. पण सांगायचं काय? तिनं जुडीतली काडी उचलली ती हातातच राहिली. तोपर्यंत मास्तरांची ट्रॉली उलटी व्हायला लागली होती. ते इतकं सुंदर शिकवत होते. असं शिकवताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ऊस कसा घसरतो, दांडा कसा दमानं बाहेर येतो, शेवटाला कसा हबकतो, सगळं हातानं करून दाखवत होते.

"कळलं का?"

"हो सर," पोरं म्हणाली. एकसुरात, शब्बाथशाळेतल्यासारखी.

"आता मधल्या खोलीत आणू. बघा, थांबली ट्रॉली. राजनंदिनी, का थांबली?"

राजनंदिनी पहिल्या बाकावरची, वर्गातली एकुलती एक मुलगी, श्रीगोंद्याची. ती उभी राहिली आणि नुसती उभीच राहिली.

"बोल की. समोर दिसतंय ना?"

"सर," ती म्हणाली, "समोर काहीच नाहीये, सर."

मास्तर थोडा वेळ पडद्याच्या दिशेनं तोंड करून उभे राहिले. मग खिशातून चिंधी काढून हात पुसले.

रविराजनं त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, रेबेकालाही आत बोलावलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नरमच होता.

"सर, तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं."

"खरं मशीन असतं," मास्तर म्हणाले, "तर मी अजून शिकवू शकतो. त्याला डोळे लागत नाहीत. कान लागतात, हात लागतात."

"पण मशीन तर तुम्हीच काढायला लावलं होतं ना, सर? पप्पा सांगतात."

"हो. मीच."

"नवं घेणं आता शक्य नाही. पुढच्या वर्षापासून सगळं ऑनलाइनच येतंय."

"जुनं परत आलं तर?"

रविराजनं रेबेकाकडं पाहिलं. "आलं तर लावू, सर. जागा देतो मी."

मास्तर चहा न पिताच उठले. इतक्या वर्षांत त्यांनी हनुमंताचं नाव घेतलं नव्हतं. त्या शनिवारी दोघं पारनेरच्या गाडीत बसली.

फाट्यावर उतरून वाडीपर्यंत चालत जायचं. रस्त्यात दगड आला की रेबेका नुसती कोपर दाबायची. हनुमंत अंगणातच होता. पांढरा झालेला, पण काटक. त्यानं दोघांना लांबूनच ओळखलं.

"आलाव का मास्तर? म्हनलं हुतं ना, मागायला येऊ नका!"

"मागायलाच आलोय, हनुमंतराव."

हनुमंतानं त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं, मग रेबेकाकडं. तिनं मान हलवली. त्याचं हसू तोंडावरच विरलं.

"वहिनी, बसा. चा टाकतो. सून रानात गेलीया."

"मशीन आहे ना?" मास्तरांनी उभ्यानंच विचारलं.

"हाय," हनुमंत म्हणाला. "आन् न्हाई बी."

त्यानं मास्तरांचा हात धरला आणि एकेक दाखवलं, म्हणजे हाताला लावलं. टाकी गोठ्यात होती. तिच्यात म्हैस पाणी पीत होती. तेलाचा वास जायला दोन पावसाळे लागले, म्हैस आधी तोंडच लावेना, असं तो म्हणाला. टेबलाचं लोखंड चुलत्याच्या दारात दरवाजा होऊन बसलं होतं. पंप जळाला. पाइप उंदरांनी खाल्ले. गेज घरात भिंतीवर टांगलं होतं, घड्याळाशेजारी. काटा शून्यावर.

"नातू इचारतो, हे घड्याळ बंद का हाय? म्या म्हनलं, चालतंय. येळच झाली न्हाई त्याची."

"आणि सिलिंडर?"

"त्यो हाय. कामाला हाय."

सिलिंडर ट्रॉलीखाली लावला होता. हनुमंतानं ट्रॅक्टर चालू केला, मास्तरांना ट्रॉलीजवळ उभं केलं आणि ट्रॉली उचलायची दांडी ओढली. ट्रॉलीत खताचा ढीग होता. ती हळूहळू उचलायला लागली. मास्तरांनी सिलिंडरवर तळहात ठेवला आणि मान वाकडी करून ऐकत राहिले.

"झटके मारतोय," ते म्हणाले. "हवा शिरलीय."

"व्हय, चार महिनं झालं मारतोय. मला वाटलं माज्या मनालाच तसं वाटतंय."

"पोरांना दाखवायला पाहिजे होतं हे." मास्तरांनी हात काढला नाही. "पडद्यावर कधी झटका मारला नाही हो त्यानं."

हनुमंतानं दांडी मधोमध आणून धरली. ट्रॉली वरच राहिली, अर्धवट, खत सांडेना की खाली येईना. मग हनुमंत म्हणाला, "काढून देऊ का? सांगा फकस्त. आत्ता काढतो."

"नको. त्याला टाकी कुठाय, पंप कुठाय? एकटा सिलिंडर घेऊन काय करू? इथं राहू द्या. तुमची खतं वाहतोय."

निघताना हनुमंतानं गेज पिशवीत घालायला काढलं. तेही मास्तरांनी नको म्हटलं. एसटीत मास्तर खिडकीशी बसले होते. दुकानांच्या पाट्या मागं जात होत्या. रेबेकानं त्यातल्या काही मोठ्यानं वाचल्या. मास्तरांनी एकीवरही शेरा मारला नाही. मग तिनंही वाचायचं सोडलं.

सोमवारी मास्तरांनी नेहमीच्या वेळेला आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. भिंतीवर हात फिरवून खिळा शोधला आणि निळी किल्ली काढून खिशात ठेवली. वरून खिसा चापून बघितला.

"आज कशाला?" रेबेका म्हणाली. "कुणी मागितलीय?"

"संस्थेची वस्तू आहे. परत नको का द्यायला?"

नव्या मशिनींवर तो प्रोग्रामच उघडत नव्हता, मग किल्ली लागणार कशाला? रविराजला ती आठवतसुद्धा नसेल. रेबेकाला हे ठाऊक होतं. तिनं डबा भरला, तोही रोजच्यासारखाच, दोन भाज्यांचा.

लॅब रिकामी होती. पोरं सेमिनार हॉलमध्ये कुणाचं तरी ऑनलाइन लेक्चर ऐकायला बसली होती. मास्तर खुर्च्यांना हात लावत कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरपाशी गेले. कापड काढलं, घडी केली. बटण दाबून तो जागा होईपर्यंत थांबले. मग मागं हात घालून बोटांनी फट शोधली आणि किल्ली खोचली.

"दिवा लागला का?"

"लागला," रेबेका म्हणाली. लागला होता.

त्यांनी कळा दाबल्या. ती त्यांच्या खांद्यामागं उभी राहिली. तिनं विचारायची वाट पाहिली नाही.

"खालून लाल निघाली," ती म्हणाली. "डावीकडं फाटा फुटला. चौकटीत गेली. सरळ बाण. दांडा बाहेर येतोय. ट्रॉली उचलली."

"पूर्ण?"

"अर्धी झाली."

"बास. मधल्या खोलीत आणतो."

त्यांनी कळ दाबली. पडद्यावरची ट्रॉली होती तिथं थांबली. मास्तर जरा वेळ बसले. मग रीतीप्रमाणं धडा बंद केला, प्रोग्राम बंद केला, कॉम्प्युटर बंद केला. किल्ली काढली आणि टेबलाच्या खणात, कोपऱ्याला सरकवून ठेवली. कापडाची घडी उलगडून पडद्यावर घातली, चारी टोकं ओढून सारखी केली.

खिशातून चिंधी काढली, एकेक बोट पुसलं, आणि चिंधी पुन्हा खिशात ठेवली.